महामारीत संसदेने काय केले, आणि पुढच्या साथीआधी खासदारांकडे काय मागावे?

आपण राजापूर तालुक्यातील एका ग्रामपंचायतीचे सदस्य आहात आणि आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२० आणि २०२१ मध्ये गावात जे काही झाले ते जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि ग्राम कृती दल यांच्या सांगण्यावरून झाले, संसद तर बंदच होती, मग देशाच्या कायदेमंडळाचा साथीशी संबंध तरी काय, आणि पुढची साथ येण्याआधी आम्ही खासदारांकडे नेमके मागायचे काय?

उत्तर देण्याआधी माझी मर्यादा सांगतो. मी घटनातज्ज्ञ नाही. कोकणात जिल्हा पातळीवरच्या आरोग्य प्रशासनात मी नोकरी केली. संसदेत विचारलेल्या प्रश्नांसाठी खालची माहिती गोळा करून वर पाठवणे आणि वरून मंजूर झालेला पैसा खाली खर्ची घालणे ही दोन्ही कामे माझ्या टेबलावर येत असत. त्यामुळे दिल्लीतले सभागृह आणि आपल्याकडचे उपकेंद्र यांच्यामधली वाट मला बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि मी लिहितो आहे ते त्या वाटेवरून दिसलेले आहे.

‘संसद बंद होती’ हे अर्धेच खरे आहे, पण माझ्या मते आपला खरा प्रश्न संसद बसली की नाही हा नाही. आपल्या वाडीचा रस्ता ज्या आदेशाने बंद झाला, तो आदेश काढण्याचा अधिकार अधिकाऱ्याला कोणी दिला, आणि त्या अधिकाराचा हिशेब त्याच्याकडून कोणी मागायचा होता, हा आपला प्रश्न आहे. पहिल्या भागाचे उत्तर ‘संसदेने’ असे आहे. दुसऱ्या भागाचेही उत्तर तेच असायला हवे होते, आणि तिथेच आपण कमी पडलो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा राज्याचा विषय आहे. बंदरांवरचे विलगीकरण आणि राज्याराज्यांमधले विलगीकरण हे विषय केंद्राकडे आहेत, तर संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांकडे आहे. ही विभागणी कागदावर नीट दिसते. प्रत्यक्षात तिचा अर्थ काय होतो हे बांदा, सावंतवाडी आणि दोडामार्गच्या लोकांना विचारावे. तिथला गंभीर रुग्ण पिढ्यानपिढ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो, तिथली तरुण मुले रोजगारासाठी रोज गोव्यात ये-जा करतात. नाका बंद झाला तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न महाराष्ट्राच्या विधानसभेला सुटण्यासारखा नव्हता आणि गोव्याच्या विधानसभेलाही नव्हता. दोन राज्यांच्या सीमेवरच्या रुग्णाला उपचाराचा हक्क कोणत्या नियमाने मिळेल, हे ठरवू शकणारे सभागृह एकच होते.

आता कायद्यांकडे येतो. साथीच्या सुरुवातीला वापरले गेलेले दोन्ही प्रमुख कायदे आधीपासून होते. पहिला साथरोग अधिनियम, १८९७. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने घाईने हा कायदा केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारने आवश्यक वाटेल ते करावे, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी, आणि आदेशाप्रमाणे वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येऊ नये, एवढाच त्याचा गाभा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासण्यांवरून काय घडले आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी का झाडली गेली, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. स्वतंत्र भारतातही हा कायदा तसाच राहिला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडविषयीचे पहिले विनियम त्याच्याच आधारे काढले. त्यात अधिकार भरपूर आहेत. विलगीकरणात ठेवलेल्या माणसाला जेवण, औषध किंवा लेखी कारण मिळावे, असे कर्तव्य मात्र मूळ कायद्यात एकही नाही.

दुसरा कायदा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो संसदेने केला. २४ मार्च २०२० च्या रात्रीपासून देशभर जी टाळेबंदी लागली ती या कायद्याखाली. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष, ही रचनाही त्यातलीच. म्हणजे आपल्या गावात जिल्हाधिकाऱ्यांचा शब्द चालला तो संसदेने पंधरा वर्षांपूर्वी दिलेल्या अधिकारामुळे. या कायद्याची ताकद आणि त्याची उणीव दोन्ही कोकणाने एकाच आठवड्यात पाहिली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या बागा आणि विजेचे खांब झोपवून गेले. शाळांच्या ज्या खोल्यांत मुंबईकरांचे विलगीकरण चालू होते त्याच खोल्या वादळातल्या निवाऱ्यासाठी हव्या होत्या. जो तलाठी पंचनामे करणार तोच बाहेरून आलेल्यांची यादीही ठेवत होता. वादळासाठी हा कायदा उत्तम आहे. दोनतीन दिवस एका माणसाच्या हाती सगळे अधिकार द्यावेत, लोकांना हलवावे, वाहने ताब्यात घ्यावीत, मग अधिकार आपोआप सैल व्हावेत. साथ मात्र दोन वर्षे टिकली, आणि इतक्या दीर्घ काळासाठी या कायद्यात सभागृहाला जागाच ठेवलेली नाही. त्याखालचे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात, पण आदेश आणि मार्गदर्शक सूचना ठेवाव्या लागत नाहीत. आणि टाळेबंदीचा सगळा कारभार आदेशांवर आणि सूचनांवरच चालला.

याच कायद्यात कर्तव्याचे एक कलम आहे, आणि ते काय करू शकते हेही पाहण्यासारखे आहे. कलम १२ प्रमाणे आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या मदतीचे किमान निकष राष्ट्रीय प्राधिकरणाने ठरवायचे असतात. त्या एका कलमाच्या आधारे ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांसाठी सानुग्रह मदतीचे निकष ठरवायला लावले, आणि पुढे ५०,००० रुपयांची रक्कम ठरली. आपल्या गावात ज्यांना ती मिळाली त्यांना ती कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. कायद्यात कर्तव्य लिहिलेले होते म्हणून मिळाली.

आता संसदेचे त्या काळातले दिवस पाहू. २०२० चे अर्थसंकल्पी अधिवेशन ३ एप्रिलपर्यंत चालायचे होते. ते २३ मार्चलाच संपवले गेले आणि त्या दिवशी वित्त विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झाले. पुढचे अधिवेशन १४ सप्टेंबरला भरले. घटनेच्या अनुच्छेद ८५ प्रमाणे दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा अधिक अंतर राहू शकत नाही, आणि ती मुदत जवळजवळ भरत आली होती. सदस्य दोन्ही सभागृहांत आणि प्रेक्षक सज्जांत अंतर ठेवून बसले, सभागृहे पाळीपाळीने चालली, प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तातडीचे विषय मांडण्याचा शून्य प्रहर अर्ध्या तासाचा झाला आणि खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या, विधेयकांचा वेळही काढून टाकला गेला. १ ऑक्टोबरपर्यंत ठरलेले ते अधिवेशन २३ सप्टेंबरला आटोपले. त्या वर्षी हिवाळी अधिवेशन भरलेच नाही. खासगी विधेयकांचा वेळ गेल्याचे फारसे कोणाला वाटले नसेल, पण पूर्वीच्या राजापूर लोकसभा मतदारसंघातल्या आपल्याला तरी वाटायला हवे होते. तिथले खासदार नाथ पै यांनी, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत असे सांगणाऱ्या १९६७ च्या गोलकनाथ निकालानंतर, घटनादुरुस्तीच्या अधिकाराचा प्रश्न संसदेत आणला तो खासगी विधेयकाच्याच वाटेने.

त्या सप्टेंबरमध्ये कामे झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. साथरोग अधिनियमात एप्रिलमध्ये वटहुकूम काढून केलेली दुरुस्ती दोन्ही सभागृहांनी मंजूर केली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद, गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षे, आणि निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून ३० दिवसांत तपास. रात्री उशिरा वाडीवर नमुने घ्यायला जाणाऱ्या आरोग्यसेविकेला आणि यादी घेऊन दारोदार फिरणाऱ्या आशाताईला या दुरुस्तीचा आधार होता, यात मला शंका नाही. मात्र कायदा सव्वाशे वर्षांनी उघडलाच होता, तर त्यात शिक्षेपलीकडे आणखी काही घालता आले असते. शिक्षेने सेविकेचे रक्षण होते; तिच्या उपकेंद्रातल्या रिकाम्या पदावर त्याने माणूस येत नाही.

पैशाच्या बाबतीत संसदेचा हात अधिक सढळ होता. सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे २.३५ लाख कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च, मंजूर झाल्या. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात लशींसाठी ३५,००० कोटींची तरतूद होती. केंद्राच्या आपत्कालीन कोविड प्रतिसाद योजनेचा पहिला टप्पा १५,००० कोटींचा आणि जुलै २०२१ मधला दुसरा २३,१२३ कोटींचा, ज्यातून प्रत्येक जिल्ह्यात बालरुग्ण कक्ष उभारायचे होते. सुरुवातीच्या महिन्यांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे नमुने घाट चढून मिरजेला जात होते, आणि अहवाल येईपर्यंत माणूस शाळेच्या खोलीत ताटकळत बसत असे. पुढे तपासणी जिल्ह्यातच होऊ लागली, हा बदल अशा पैशाशिवाय झाला नसता. याउलट खासदारांचा स्थानिक विकास निधी, वर्षाला पाच कोटी, एप्रिल २०२० मध्ये दोन वर्षांसाठी थांबवून केंद्राच्या तिजोरीत वळवला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेल्या काळापुरते दोन कोटी परत मिळाले. त्यामुळे आपण रुग्णवाहिका मागायला गेलात आणि खासदारांनी हात वर केले असतील, तर ते सगळेच निमित्त नव्हते. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता, कारण जिल्ह्यात तातडीने वळवता येईल असा पैसा फार थोडा असतो आणि त्यातलाच एक झरा आपण ऐन वेळी बुजवला.

आता हिशेब मागण्याच्या भागाकडे, कारण माझा अनुभव सर्वाधिक तिथला आहे. संसदेतला प्रश्न जिल्ह्यात पोहोचतो तो एका ई-मेलच्या रूपात. मंत्रालयाकडून राज्याला, राज्याकडून संचालनालयाला आणि तिथून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला किंवा जिल्हा शल्य चिकित्सकांना. विषयात ‘अत्यंत तातडीचे’ लिहिलेले असते आणि सोबत एक तक्ता असतो. ‘आजच सायंकाळी पाचपर्यंत’ असा निरोप दुपारी मिळतो. मग सांख्यिकीचा माणूस एकेका प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन लावतो, जिथे फोन लागतो तिथला आकडा घेतो, जिथे सांगण्यासारखे काही नसते तिथे ‘निरंक’ भरतो आणि तक्ता वर जातो. तक्त्यात रकाना असेल तेवढेच दिल्लीला कळते. जनरेटर आहे का, असा रकाना असेल तर ‘होय’ जाते. त्यात डिझेल कोणाच्या पैशाने भरायचे, हे विचारलेले नसते.

हे ठाऊक असल्यामुळे २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत जे उत्तर दिले गेले त्याने मला राग आला, आश्चर्य वाटले नाही. दुसऱ्या लाटेत प्राणवायूअभावी किती मृत्यू झाले, या प्रश्नावर आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांच्या लेखी उत्तरात म्हटले होते की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि असे मृत्यू राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाहीत. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर डॉक्टर आजार लिहितो: कोविड, न्यूमोनिया, श्वसनक्रिया बंद पडणे. सिलिंडर संपला, हे त्या कागदावर आजाराचे नाव म्हणून बसत नाही. म्हणून खालून ‘निरंक’ आणि वरही ‘निरंक’. स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंविषयी सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत मिळालेले उत्तरही त्याच जातीचे होते: अशी आकडेवारी ठेवलेली नाही. प्रश्नोत्तराचा तास रद्द झाल्याने नेमके इथेच नुकसान झाले. लेखी प्रश्न चालू होते, पण लेखी उत्तरावर पुरवणी प्रश्न विचारता येत नाही. ‘आकडेवारी नाही, तर मग ती ठेवायला कधीपासून सांगणार?’ हा उभे राहून विचारायचा प्रश्न आहे.

समित्यांनी मात्र चांगले काम केले. आरोग्याच्या स्थायी समितीने नोव्हेंबर २०२० मध्येच आपला अहवाल दिला. सरकारी खाटांची टंचाई, खासगी रुग्णालयांची अवाच्या सवा बिले आणि स्पष्ट दरनियमांचा अभाव हे सगळे तिने मांडले, आणि रुग्णालयांना मागणीप्रमाणे प्राणवायू मिळावा म्हणून पुरेशा उत्पादनाला चालना द्यावी अशी शिफारसही केली. दुसरी लाट त्यानंतर पाचएक महिन्यांनी आली. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, आणि हिवाळी अधिवेशनच न भरल्यामुळे त्या अहवालावर ऐन वेळी सभागृहात बोट ठेवायलाही जागा राहिली नाही. टाळेबंदीत दूरदृश्य पद्धतीने बैठका घेण्याची मागणी काही समित्यांच्या अध्यक्षांनी केली होती; गोपनीयतेचे कारण देऊन ती मान्य झाली नाही. इकडे आमच्या तालुक्यांच्या बैठका रोज मोबाइलवर होत होत्या.

दुसरीकडे वेगळे घडू शकले, हे सांगण्यासाठी दोनच उदाहरणे देतो. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये सभागृह थांबवताना एक खास समिती नेमली, विरोधी पक्षनेत्याला तिचे अध्यक्ष केले आणि मंत्र्यांची तपासणी दूरदृश्य पद्धतीने चालू ठेवली. ब्रिटनने २५ मार्च २०२० ला साथीसाठी नवा कायदा केला, पण त्यातल्या तात्पुरत्या अधिकारांचा दर सहा महिन्यांनी संसदेत आढावा आणि कायद्याला दोन वर्षांची मुदत, असे त्यातच लिहून टाकले. त्या देशांचे सगळे बरोबर होते असे मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये तो आढावा वरवरचा झाला अशी टीका झालीच. पण आपल्याकडे आढाव्याची तारीखच कोणत्या कायद्यात नव्हती.

आपल्याकडे अशा कायद्याचे मसुदे झालेले आहेत. २००९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विधेयकाचा मसुदा आला, २०१७ मध्ये साथी, जैविक हल्ले आणि आपत्ती यांच्यासाठी सार्वजनिक आरोग्य विधेयकाचा मसुदा आला. दोन्ही कायद्यापर्यंत पोहोचले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा असल्याचे सांगून तो सुधारावा किंवा नवा करावा, असे सुचवले. आरोग्य राज्यांचा विषय आहे, त्यामुळे केंद्राने किती खोलात जावे यावर मतभेद राहणार, आणि ते अवाजवी नाहीत. मलाही केंद्राने वाडीवरच्या विलगीकरणाचे दिवस ठरवावेत असे वाटत नाही. २०२० च्या गणपतीत चौदा दिवस की दहा दिवस, यावरून चाकरमानी आणि गावकरी यांच्यात जे वाद झाले, ते गावानेच सोडवण्यासारखे होते आणि बहुतेक ठिकाणी गावानेच सोडवले.

आता आपण विचारलेले मागणे. नियमाप्रमाणे, जी गोष्ट मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतली नाही तिच्यावर लोकसभेत प्रश्न स्वीकारला जात नाही. त्यामुळे ‘आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही’ असे पत्र खासदारांना दिले तर त्याचा प्रश्न होणार नाही, फार तर ते जिल्हा परिषदेकडे पाठवले जाईल. तीच तक्रार केंद्राच्या पैशाला बांधून मांडा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचा वाटा ६० टक्के आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला ७०,०५१ कोटींचे अनुदान सुचवले होते. त्यातले आपल्या जिल्ह्याला किती आले, किती खर्चले, कोणत्या उपकेंद्रांवर, हा प्रश्न केंद्राला टाळता येत नाही. प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र नेऊन उपयोग नाही. तारखा जाहीर होताच न्यावे. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे, प्रश्न दिवसाला वीसच असतात आणि ते सोडतीने ठरतात, तेव्हा खासदारांचा प्रश्न लेखी उत्तराच्या यादीत गेला म्हणून त्यांना दोष देऊ नये. प्रश्नात रकाने मात्र आपणच सुचवावेत. पदे मंजूर किती याच्या शेजारी भरलेली किती, आणि त्यातली कंत्राटी किती, एवढे तीन रकाने मागितले तरी ‘निरंक’ लिहून सुटका होत नाही.

कोकणासाठी एक मागणे निकषांचे आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला उपकेंद्र आणि २०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र, असे निकष आहेत, आणि लोकसंख्या जनगणनेची धरतात. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११ मध्ये रत्नागिरीची १६.१५ लाख आणि सिंधुदुर्गची ८.५ लाख भरली. शिमगा, मे महिना आणि गणपतीत गावात जी माणसे असतात ती या मोजणीत कुठेच येत नाहीत, आणि साथीत तीच सगळी एकदम आली. त्यातच मागे राहिलेल्यांत म्हाताऱ्यांचे प्रमाण मोठे. हंगामी लोकसंख्या आणि वृद्धांचे प्रमाण धरून केंद्राने निकषात सवलत द्यावी, ही मागणी लोकसभेत करता येते आणि किनारपट्टीच्या दुसऱ्या जिल्ह्यांचे खासदारही तिला साथ देऊ शकतात.

यासाठी दरवेळी दिल्लीची वाट पाहावी लागते असेही नाही. जिल्ह्यात ‘दिशा’ नावाची समिती असते, म्हणजे जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती. तिचे अध्यक्ष खासदार असतात, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, आणि केंद्राच्या योजनांचा, त्यात आरोग्य अभियानाचाही, तिथे तीन महिन्यांनी आढावा व्हायचा असतो. आपल्या ग्रामपंचायतीने ठराव करून आरोग्याचा एकच मुद्दा, वरचे तीन रकाने जोडून, पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा अशी लेखी विनंती खासदारांना करावी आणि तिची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. बैठक झाल्यावर इतिवृत्त मागून घ्यावे. त्यात आपल्या मुद्द्यापुढे काय लिहिले आहे ते मला कळवलेत, तर संसदेतला प्रश्न कसा लिहायचा ते त्यावरून ठरवता येईल.